सर्दीची एक गोळी आणि दोन गुलाबी रेषा : गरोदरपणातल्या औषधांचा इतिहास

(ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतेय. बोलण्यातली काही वाक्यं तशीच ठेवली आहेत.)

मध्येच शिंक ऐकू आली तर माफ करा. ऑगस्टचे दिवस आहेत, मी कुडव्यात बसून रेकॉर्ड करतेय आणि खिडकीबाहेरच्या रिकाम्या प्लॉटवर गाजरगवत कमरेएवढं वाढलंय.

आपल्या पॉडकास्टवर आपण किल्ले केले, रेल्वे केली, दुष्काळ केले. आजचा इतिहास मात्र माझ्या नाकापासून सुरू होतो. हसू नका, ऐका.

दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत माझी सर्दी भयंकर वाढली होती. सकाळी उठल्या उठल्या पंधरा-वीस शिंका, नाक बंद, कपाळ आणि गालाची हाडं ठणकत. घराजवळच्या मेडिकलमधून मी नेहमीप्रमाणे सर्दीच्या गोळ्यांची स्ट्रिप आणली आणि दहा दिवस दिवसातून दोन-दोन खाल्ल्या. अकराव्या दिवशी लक्षात आलं की पाळी चुकलीय. टेस्ट केली तर दोन गुलाबी रेषा. मोजून पाहिलं, शेवटच्या पाळीपासूनचा सदतिसावा दिवस होता.

आनंद झाला, पण दोन मिनिटांत हातपाय गार पडले. त्या दहा दिवसांच्या गोळ्यांचं काय?

मी मेडिकलमध्ये विचारलं. दुकानदार म्हणाला, "काही नाही होत ताई, सगळेच नेतात." घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "आता काहीच घ्याचं नाही पोरी. औषधानं लेकराले बाधते." आणि एका मैत्रिणीने फोनवर हळूच सांगितलं, "रिस्क काऊन घेतेस? पाडून टाक, पुढच्या वर्षी बघ."

तीन माणसं, तीन सल्ले. पुढचे चार दिवस मी झोपले नाही. त्या चार दिवसांत आणि नंतरच्या महिन्यांत मी जे वाचलं, डॉक्टरांकडून जे समजून घेतलं, तो आजचा भाग. कारण 'काही होत नाही' आणि 'काहीच घ्यायचं नाही' या दोन्ही वाक्यांना इतिहास आहे, आणि दोन्ही वाक्यांची किंमत बायकांनी मोजलीय.

आधी, या शिंका आल्या कुठून?

आमच्या गोंदियाला लोक तांदळाचं शहर म्हणतात. धान, राईस मिल, कोंडा, फोलपट, मळणीची धूळ हे सगळं आमच्या हवेतच आहे. त्यात पावसाळ्यात भर पडते गाजरगवताची. कोणी काँग्रेस गवत म्हणतं, कोणी चटक चांदणी.

हे गवत मूळचं आपलं नाही, अमेरिका खंडातलं आहे, मेक्सिकोच्या आखाताच्या आसपासचं. भारतात ते ठळकपणे नजरेत आलं ते आपल्या पुण्यात, १९५५ साली. पुढच्याच वर्षी वनस्पतिशास्त्रज्ञ रोल्ला शेषगिरी राव यांनी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये त्याची नोंद छापली. तिथून ते रस्ते, रेल्वे आणि धान्याच्या पोत्यांबरोबर देशभर गेलं.

लहानपणी आम्हाला शाळेत सांगायचे की हे गवत पीएल-४८० च्या अमेरिकन गव्हाबरोबर आलं. गोष्ट छान आहे, पण तारखा बघा. भारताचा पहिला पीएल-४८० करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये, आणि गवत पुण्यात दिसलं १९५५ मध्ये. अमेरिकेतून गहू १९५१ च्या कर्जातही आला होता, त्यामुळे गव्हावरचा संशय पूर्ण जात नाही. पण 'पीएल-४८० नेच आणलं' असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी तर याच्या एकोणिसाव्या शतकातल्या नोंदीही दाखवल्यात.

एका झाडाला दहा ते पंचवीस हजार बिया येतात. अंगाला लागलं तर कातडीला खाज आणि पुरळ येतं. पुण्यातल्या अशा रुग्णांवरचा लोणकर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९७४ साली लंडनच्या एका त्वचारोग जर्नलात आला. नंतर बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की याच्या परागकणांनी नाकाची ॲलर्जीही होते. आपल्या शेजारी जबलपूरला तणांवर काम करणारी केंद्र सरकारची संशोधन संस्था आहे. ती दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा आठवडा गाजरगवत जागृतीसाठी पाळते. म्हणजे माझ्या शिंकांचा हंगाम सरकारी कॅलेंडरमध्येही आहे!

शिंकेला 'आजार' मानायला वेळ लागला

ॲलर्जीची सर्दी हा वेगळा आजार आहे, हे वैद्यकाला तसं उशिराच कळलं. लंडनमध्ये जॉन बोस्टॉक नावाचे डॉक्टर होते. त्यांना आठ वर्षांचे असल्यापासून दर उन्हाळ्यात डोळे लाल, नाक गळणं, छाती भरून येणं असा त्रास व्हायचा. १८१९ साली त्यांनी डॉक्टरांच्या सभेत एक केस वाचून दाखवली. रुग्ण कोण? ते स्वतःच. त्यांनी स्वतःवर काय काय करून पाहिलं होतं, तर रक्त काढणं, जुलाब, थंड पाण्याची आंघोळ, अफू आणि पारासुद्धा. काहीच चाललं नाही.

हे परागकणांमुळे होतं, हे मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी दाखवलं. या गृहस्थाने स्वतःच्या नाकात पराग घालून पाहिले. उंचावर किती पराग आहेत ते मोजायला त्याने चक्क पतंग उडवले! १८७३ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. आणि 'ॲलर्जी' हा शब्द आला १९०६ मध्ये, व्हिएन्नाचे क्लेमेन्स फॉन पिर्के यांच्याकडून. शरीर बाहेरच्या निरुपद्रवी गोष्टीला शत्रू समजून लढायला उठतं, असा त्याचा साधा अर्थ.

बाईचं नाक

आता एक गोष्ट सांगते, ती वाचून मला खूप राग आला होता.

काही बायकांचं नाक पाळीच्या दिवसांत किंवा गरोदरपणात जास्त चोंदतं, हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काही डॉक्टरांच्या लक्षात आलं. निरीक्षण खरंच होतं. पण बर्लिनचे विल्हेल्म फ्लीस नावाचे नाक-घशाचे डॉक्टर त्यावरून फारच पुढे गेले. त्यांनी सिद्धांत मांडला की नाकातल्या ठरावीक जागा स्त्रीच्या जननेंद्रियांशी जोडलेल्या आहेत, म्हणून पोटाचा आणि मनाचा त्रास नाकावर उपचार करून बरा करता येईल. उपचार म्हणजे नाकात कोकेन लावणं, किंवा थेट ऑपरेशन.

१८९५ मध्ये त्यांनी व्हिएन्नात एमा एकस्टाईन नावाच्या तरुणीच्या नाकाचं ऑपरेशन केलं. ती त्यांचे मित्र सिग्मंड फ्रॉइड यांची रुग्ण होती. ऑपरेशननंतर तिचं दुखणं आणि रक्तस्राव थांबेना. शेवटी दुसऱ्या डॉक्टरने पाहिलं तर आत जवळपास अर्धा मीटर लांब गॉजची पट्टी राहून गेली होती. ती ओढल्यावर एमा मरता मरता वाचली. आणि पुढे फ्रॉइड यांनी काय म्हणावं? तो रक्तस्राव तिच्या मनाचा, हिस्टेरियाचा भाग होता म्हणे!

ही गोष्ट मी अशासाठी सांगतेय की 'नाक बंद? अगं, ते तुझ्या मनाचं आहे', 'आमच्या वेळी नव्हतं असलं काही' हे मी स्वतः ऐकलंय. आज आपल्याला माहीत आहे की ॲलर्जी नसलेल्या बाईलासुद्धा गरोदरपणात नाक चोंदण्याचा त्रास होऊ शकतो. साधारण पाचातल्या एकीला होतो. त्या दिवसांत शरीरात होणारे बदल नाकाच्या आतल्या अस्तरालाही सूज आणतात. याला सर्दीचा जंतू लागत नाही, ॲलर्जी लागत नाही. बाळंतपणानंतर दोनेक आठवड्यांत तो आपोआप जातो. म्हणजे त्रास खरा, कारण खरं, मनाचा खेळ नाही.

गोळ्यांचा सुवर्णकाळ

आता माझ्या स्ट्रिपकडे येऊ या. त्यातली ॲलर्जीची गोळी, म्हणजे अँटिहिस्टामिन, कुठून आली?

१९३७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दानिएल बोवे आणि ॲन-मारी स्टॉब यांनी हिस्टामिनला अडवणारं पहिलं रसायन शोधलं. हिस्टामिन म्हणजे शरीरातला तो पदार्थ, ज्याने शिंका येतात, खाज सुटते, नाक गळतं. पहिलं रसायन माणसाला देण्याजोगं नव्हतं, पण १९४० च्या दशकात बाजारात माणसांसाठीच्या गोळ्या आल्या. १९५० च्या आसपास अमेरिकेत त्या साध्या सर्दीवरचा रामबाण म्हणून विकल्या गेल्या. खरं तर व्हायरसची सर्दी त्यांनी बरी होत नाही, ॲलर्जीची लक्षणं कमी होतात. पण जाहिरातीला कोण थांबवणार! बोवे यांना १९५७ मध्ये नोबेल मिळालं.

तो काळ भोळ्या विश्वासाचा होता. गोळी नवीन आहे म्हणजे चांगलीच असणार. आईच्या पोटातलं बाळ वारेमुळे सुरक्षित आहे, औषध तिथपर्यंत फारसं पोहोचत नाही, असं बऱ्याच डॉक्टरांनाही वाटायचं. गरोदर बाईवर औषधाचा काय परिणाम होतो ते तपासलंच पाहिजे, असा नियम नव्हता.

थॅलिडोमाइड

हे नाव तुम्ही ऐकलं असेल. झोपेचं आणि गरोदरपणातल्या उलट्यांचं औषध म्हणून. पण याची सुरुवात कशात झाली माहितीय? सर्दीत! पश्चिम जर्मनीच्या ग्रुनेन्थाल कंपनीने १९५६ मध्ये ते आधी सर्दी-तापाच्या एका मिश्र गोळीतून विकून पाहिलं. ऑक्टोबर १९५७ मध्ये ते 'कॉन्टरगन' नावाने, चिठ्ठीशिवाय मिळणारं, अगदी सुरक्षित औषध म्हणून आलं.

मग हात-पाय पूर्ण न वाढलेली बाळं जन्माला येऊ लागली. जर्मनीत विडुकिंट लेन्त्स आणि ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकब्राइड या डॉक्टरांनी वेगवेगळा संशय मांडला आणि नोव्हेंबर १९६१ च्या अखेरीस जर्मनीत औषध मागे घेतलं गेलं. तोवर जगभरात दहा हजारांहून जास्त बाळांना बाधा झाली होती. कित्येक तर जन्मताच गेली.

अमेरिकेत मात्र ते बाजारात आलंच नाही, आणि याचं श्रेय बरंचसं एका बाईचं. फ्रान्सिस केल्सी ऑगस्ट १९६० मध्ये तिथल्या औषध नियामक कार्यालयात रुजू झाल्या. हातात आलेल्या पहिल्या फायलींपैकी एक थॅलिडोमाइडची. कंपनीचे लोक फोन करत होते, भेटायला येत होते, घाई करत होते. केल्सीबाई एकच म्हणत राहिल्या: पुरावा अपुरा आहे, अजून द्या. १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी त्यांना पदक दिलं आणि त्याच वर्षी अमेरिकेत औषधांचा कायदा कडक झाला.

या इतिहासातल्या एका आकड्याने मला घाम फोडला. थॅलिडोमाइडचा धोका होता गर्भ राहिल्यापासून साधारण विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसापर्यंत. शेवटच्या पाळीपासून मोजलं तर चौतीस ते पन्नास. माझा तेव्हा सदतिसावा दिवस होता. बाळाचे अवयव आकार घ्यायला लागतात तेव्हा कित्येक बायकांना आपण गरोदर आहोत हेसुद्धा माहीत नसतं. म्हणून औषधांचा विचार टेस्टनंतर नाही, 'आता बाळ हवं' असं ठरवलं त्या दिवसापासून करायचा. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आणि मग भीतीची बाजू

इथे गोष्ट संपली असती तर सासूबाईंचं म्हणणं बरोबर ठरलं असतं. पण थांबा.

अमेरिकेत थॅलिडोमाइड विकण्यासाठी अर्ज केलेल्या मेरेल कंपनीचं दुसरं एक औषध होतं, 'बेंडेक्टिन'. गरोदरपणातल्या उलट्यांसाठीच, १९५६ पासून बाजारात. त्यात डॉक्सिलामिन नावाचं अँटिहिस्टामिन आणि ब६ जीवनसत्त्व होतं. तीन कोटींहून जास्त बायकांनी ते घेतलं. थॅलिडोमाइडनंतर साहजिकच सगळे घाबरलेले. बाळात काही व्यंग दिसलं की बेंडेक्टिनवर बोट, आणि कंपनीवर खटला. अभ्यासांत दोष सापडला नाही, तरी खटल्यांच्या खर्चाला कंटाळून कंपनीने १९८३ मध्ये औषध बंद केलं.

पुढे काय झालं? जन्मजात व्यंगांचं प्रमाण कमी झालं नाही. उलट उलट्यांनी बेजार होऊन दवाखान्यात भरती होणाऱ्या गरोदर बायका वाढल्या. तीस वर्षांनी, २०१३ मध्ये, तेच मिश्रण अमेरिकेत मान्यता घेऊन परत आलं. आपल्याकडे डॉक्सिलामिन आणि ब६ ची गोळी आजही डॉक्टर उलट्यांसाठी देतात. तुमच्यापैकी कुणी घेतलीही असेल.

भीतीचा आणखी एक हिशेब आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी कॅनडात टोरोंटोमध्ये एक अभ्यास झाला. ज्यांनी गरोदरपणात निर्धोक समजली जाणारी औषधं घेतली होती, त्या बायकांना विचारलं, तुमच्या बाळाला व्यंग असण्याची शक्यता किती वाटते? त्यांचं सरासरी उत्तर होतं, शंभरात पंचवीसच्या आसपास. खरी शक्यता कोणत्याही साधारण गरोदरपणाएवढीच, म्हणजे शंभरात दोन-तीन. अशा भीतीपोटी हवी असलेली बाळंही पाडली जातात. माझ्या मैत्रिणीचा सल्ला वाईट हेतूचा नव्हता. तीही त्याच भीतीतून बोलत होती.

मग खरं कसं कळतं?

गरोदर बायकांवर औषधांचे प्रयोग करायचे नाहीत, हे तर ठरलं. मग माहिती गोळा करायची कशी? स्वीडनने १९७३ पासून देशातल्या बाळंतपणांची सलग नोंद ठेवायला सुरुवात केली. आईने सुरुवातीच्या महिन्यांत कोणती औषधं घेतली, हेही पुढे त्यात आलं. त्या वहीतून १९९९ मध्ये एक अभ्यास निघाला. ज्यांच्या आयांनी सुरुवातीच्या महिन्यांत दम्यासाठी बुडेसोनाइडचा इनहेलर घेतला होता, अशी २,०१४ बाळं तपासली. व्यंगांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त दिसलं नाही. म्हणून आज डॉक्टर गरोदरपणात दम्याच्या इनहेलरसाठी आणि नाकाच्या स्प्रेसाठीही बुडेसोनाइडला पसंती देतात.

आपल्याकडे अजून लोक 'गोळी A का B का C' असं विचारतात. ती अक्षरं अमेरिकेने १९७९ मध्ये आणली होती आणि २०१५ पासून मोडीत काढायला घेतली, कारण एका अक्षरात खरी माहिती मावत नव्हती. आता नुसतं अक्षर बघून निर्णय घेऊ नका.

माझ्या स्ट्रिपवर काय लिहिलं होतं

चार दिवसांनी मी नवऱ्याबरोबर गोंदियाला डॉक्टरबाईंकडे गेले, रिकामी स्ट्रिप घेऊन. त्यांनी सगळ्यात आधी मागची बारीक अक्षरं वाचली. क्लोरफेनिरामिन, फेनिलेफ्रिन, पॅरासिटामॉल. एका गोळीत तीन औषधं. मला फक्त ॲलर्जी होती, ताप नव्हता. म्हणजे त्यातली दोन औषधं मी उगाच खाल्ली होती.

त्यातलं फेनिलेफ्रिन तर बघा. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने सांगितलं की तोंडाने घेतल्यावर ते बंद नाक उघडत नाही, म्हणजे उपयोगच नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपल्या देशाच्या औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन-फेनिलेफ्रिनची जोडगोळी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नका, असं पाकिटावर छापायला सांगितलं.

मग त्या म्हणाल्या, "घाबरू नकोस. ही थॅलिडोमाइडसारखी औषधं नाहीत. यातली ॲलर्जीची गोळी कित्येक दशकं वापरात आहे. गर्भ पाडण्याचं काहीच कारण नाही. अठरा-वीस आठवड्यांची सोनोग्राफी सगळ्यांची करतो तशी तुझीही करू." मी तिथेच रडले.

पण दुसरी चूक मी त्या चार दिवसांत करून बसले होते. मला हलका दमाही आहे. सासूबाईंचं ऐकून मी इनहेलर बंद केला होता. त्यावर मात्र त्या रागावल्या. आईचा दमा ताब्यात नसेल तर बाळाला ऑक्सिजन कमी पडतो, बाळ कमी वजनाचं किंवा लवकर जन्मू शकतं. म्हणजे धोका औषधात होता त्यापेक्षा जास्त औषध सोडण्यात होता. सासूबाईंना पुढच्या वेळी सोबत नेलं. डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर त्याच मला विचारू लागल्या, "इनहेलर घेतला का वो?"

त्यांनी मला जे सांगितलं ते थोडक्यात देते. ही चिठ्ठी नाही बरं का, तुमच्या डॉक्टरांना काय विचारायचं याची यादी समजा.

बाळ ठरवण्याआधी: तुमची नेहमीची सगळी औषधं, स्प्रे, सर्दीच्या गोळ्या, काढे आणि जडीबुटीसुद्धा डॉक्टरांना दाखवा. ॲलर्जी कशाची ते शोधायची टेस्ट करायची असेल तर ती आधीच करा. ॲलर्जीची इंजेक्शनं नव्याने गरोदरपणात सुरू करत नाहीत. आधीपासून चालू असतील तर थांबवण्याआधी विचारा. नाकाचं हाड वाकडं आहे, जुना सायनस आहे, तर त्याचाही निकाल आधी लावा.

गरोदरपणात: पहिला उपाय मिठाच्या पाण्याचा. आपल्याकडे नेतीची परंपरा जुनीच आहे. हठयोगाच्या ग्रंथांत ती शुद्धिक्रियांमध्ये येते, फक्त तिथली नेती दोऱ्याची आहे. आपल्या लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं आणि अशा यौगिक क्रिया प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली. मिठाच्या पाण्याने नाक धुणं औषधाशिवायचं आहे, गरोदरपणात चालतं. पण पाणी नळाचं किंवा बोअरचं थेट घेऊ नका. उकळून कोमट केलेलंच घ्या. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानात नळाच्या पाण्याने नेती केलेल्या दोन जणांचा मेंदूत अमिबा शिरून मृत्यू झाला होता.

त्याने भागलं नाही तर डॉक्टरांच्या सल्ल्याने नाकाचा स्प्रे, किंवा सेटिरिझिन, लोराटाडिनसारखी एकच औषध असलेली गोळी. नाक लगेच मोकळं करणारे थेंब सवयीचे करू नका. चार-पाच दिवसांहून जास्त वापरले की नाक उलट जास्त बंद होतं. स्यूडोएफेड्रिन असलेल्या गोळ्या टाळा, पहिल्या तीन महिन्यांत तर नक्कीच. डोकं किंवा सायनस दुखतं म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आपल्या मनाने घेऊ नका. विसाव्या आठवड्यानंतर त्याने बाळाच्या किडनीवर परिणाम होऊ शकतो, असा इशारा २०२० मध्ये अमेरिकन नियामकाने दिलाय. सायनसला जंतू लागलाच तर गरोदरपणात चालणारी अँटिबायोटिक्स आहेत, पण घरात उरलेली डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनची स्ट्रिप उघडू नका.

आणि दवाखान्यात लगेच कधी जायचं? श्वास लागत असेल, बोलताना धाप लागत असेल, इनहेलर घेऊनही बरं वाटत नसेल, जास्त ताप असेल, डोळ्याभोवती सूज आली असेल, किंवा बाळाची हालचाल कमी वाटत असेल. तेव्हा सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. पैशाची अडचण असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी मोफत असते, २०१६ पासून. आशाताईंना विचारा, त्या सांगतील.

शेवटी

माझी मुलगी मे महिन्यात झाली. बाहेर उन्हाळी धानाची मळणी चालू होती, हवेत सगळी धूळ, आणि मी मास्क लावून तिला घरी आणली. ती ठणठणीत आहे. आत्ताही शेजारच्या खोलीत झोपलीय, म्हणून मी हळू बोलतेय.

एवढा इतिहास वाचून मी बदलले ते एवढंच. आता मेडिकलमध्ये गेले की 'सर्दीची गोळी द्या' म्हणत नाही. आधी मागची अक्षरं वाचते, आणि कळलं नाही तर फोटो काढून डॉक्टरांना पाठवते. केल्सीबाईंनी अख्ख्या कंपनीला जे विचारलं, तेच आपण काउंटरवर विचारायचं: यात काय आहे, आणि गरोदर बाईला चालतं हे कशावरून?

हा भाग तुमच्या बहिणीला, वहिनीला पाठवा. आणि हो, नवऱ्यांनो, तुम्हीही ऐका, स्ट्रिप बऱ्याचदा तुम्हीच आणता. रविवारी सकाळी आमच्या गल्लीतली पोरं मिळून समोरच्या प्लॉटवरचं गाजरगवत काढणार आहोत, फुलावर यायच्या आत, हातमोजे आणि मास्क लावून. दम्यामुळे मी लांबूनच चहा देईन! तुमच्याकडेही काढा.

पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.